बिनमिठाची मरळ

माय, लातूर नवा जिल्हा झाला, तुला दवाखान्यात आयाचं काम लागलं आणि रेणापूर सोडून आपण दोघी लातुरात एका भाड्याच्या खोलीत आलो. पुढे दुष्काळ पडला. मामा भिवंडीला बोलावत होता, तुझंही मन तिकडे ओढत होतं. त्याच उन्हाळ्यात आटलेल्या मांजरा नदीच्या दरडीत लोखंड यायच्याही आधीच्या माणसांची एक चूल उघडी पडली. मी पुरातत्त्व शिकत होते. राखेत माशाचे मणके निघाले. मासा कोणता, हे ठरवायला आजच्या माशाची हाडं शेजारी ठेवावी लागतात, आणि ती आमच्याकडे नव्हती.

मी म्हटलं म्हणून तू उदगीरच्या बाजारातून मरळ आणलीस. तेल, मीठ, हळद काही नको, नुसती उकळ, म्हटल्यावर तू माझ्याकडे बघतच राहिलीस. "लोकं पाण्याला तरसायलेत, आन तू मासा वाया घालायलीस." तरी स्टोव्ह पेटवलास. वास गेला आणि घरमालकीण दारात उभी राहिली. "मासे-मटण चालणार नाही, खोली देतानाच सांगितलं होतं. उद्या खाली करा."

खोली गेली म्हणजे भिवंडी, आणि माझं शिक्षण संपलं. तू पदराला हात पुसलेस. "बाई, ह्ये खायला न्हाई, अभ्यासाला हाय. आत या, बघा."

ती आत आली. मी ताटात जुना मणका ठेवला, शेजारी नवा. दोन्ही अगदी एकसारखे. ती बराच वेळ वाकून बघत होती. "इतके दिवस टिकलं हे?" म्हणाली, आणि जाताना, "खिडकी उघडी ठेवत जा." खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

"दुष्काळात सोडून गेले का गं ती लोकं?" तू विचारलंस. मणक्यावरची वाढीची वर्तुळं भिंगातून पाहिली तेव्हा कळलं, मासे उन्हाळ्यात धरलेले, नदी डोहाडोहात उरते तेव्हाचे. चुलीवर पुराचा गाळ होता आणि गाळावर पुन्हा एक चूल, तिच्यातही मरळच. "परत आले, माय," मी सांगितलं.

तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मामाला कळव, आमी हितंच राहतो म्हणून."

आता मी नांदेडला शिकवते. माझ्या विद्यार्थिनी प्रयोगशाळेत मासे उकळतात, हाडं वाळवतात, आणि वासावरून कुणी कुणाला हटकत नाही. यंदा मांजरा वाहते आहे.

तू गेलीस, हे पत्र टाकायला आता पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कुणी तुला हे वाचून दाखवलेलं मला चाललं नसतं.