तळ्याकाठचा एप्रिल

१३ सप्टेंबर २०१४, शनिवार
मुक्ताला नोकरीचं पत्र आलं. कॅनडात, मोठ्या तळ्याच्या पूर्व काठावरचं गाव. तळ्यावरच्या बर्फाचंच संशोधन, नोव्हेंबरपासून. राहायला जागा देणार, पण पुढच्या रविवारी कळवायचं, एकासाठी की दोघांसाठी. म्हटलं, बघू. "बघू म्हणजे?" मी उठून भांडी घासली.
तीन वर्षं बायकोच्या नोकरीवर मिळालेल्या पासवर इथं, या बारमाही उकाड्याच्या देशात. आत्ता कुठे दुकानात स्टॉकचं काम मिळालं, माझं स्वतःचं. तिथं परत कोरी पाटी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलेल्याला कोण विचारतंय!
शिवाय थंडी.

१४ सप्टें., रवि.
आईचा फोन. "विहिरीचं पाणी थंडीत कोमटच असतं की रे. एवढं मोठं तळं, काठाला ऊबच असेल." पटलं. मुक्ताला विचारलं. म्हणाली, बरोबर, उन्हाळाभर तापलेलं पाणी हळूहळू निवतं. म्हणून तर काठावर बर्फ जास्त पडतो.
ऊब आहे म्हणून बर्फ?
"गार, कोरडा वारा कोमट पाण्यावरून येतो. वाफ उचलतो आणि पूर्वेच्या काठावर बर्फ करून टाकतो. तळं गोठलं की थांबतं."
म्हणजे जास्त गारठलं की बर्फ कमी. कळल्यासारखं वाटतं, मग निसटतं.

१७ सप्टें., बुध.
तोडगा काढला. मुक्ताने पुढे जावं, मी हिवाळा संपल्यावर, एप्रिलमध्ये. तोवर दुकानातलं कामही... सांगितलं तर हसली.
"एप्रिलमध्ये तळ्यात बर्फ तरंगत असतो. वारा त्याच्यावरून येतो. काठापासून आतल्या गावांत वसंत, काठावर अजून हिवाळाच."
"मग मे?"
"मेमध्ये स्वेटर."
ऊब देणारं तेच, थंडी लांबवणारंही तेच. धरायचं काय?
"यायचं नसेल तर तसं सांग ना. तळ्याला कशाला मध्ये घालतोस?"
यायचं नाही असं नाही. यायचंच आहे असंही...

१९ सप्टें., शुक्र.
दोन दिवस कामापुरतं बोलणं. आज जेवताना आपणहून म्हणाली, तिथं काठाने सफरचंदाच्या बागा आहेत. तळं गार राहतं, म्हणून कळ्या उशिरा उमलतात आणि शेवटच्या कडाक्यात सापडत नाहीत. "उशीर होतो म्हणून वाचतात."
बरं वाटलं. तेवढ्यात, "हे झाडांचं सांगतेय. नवऱ्यांचं नाही."

२१ सप्टें., रवि.
आज कळवायचं. टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये थंडीच्या कपड्यांचं दुकान. मुक्ताची खरेदी झाली. मग पुरुषांचं एक जाकीट माझ्या हातात दिलं. "घालून तर बघ."
बाह्या बरोबर बसल्या. एसीतही घाम.
दुकानातली आंटी, इथल्या खास इंग्रजीत, "वन ऑर टू? सेल आयटम, कॅनॉट चेंज, लाह."
मुक्ताने मेल उघडला होता. "सांग, काय लिहू?"
मी चेन ओढत विचारलं, "नोव्हेंबरात तळं कोमट असतं ना?"
"असतं."
"आणि बर्फ?"
"तोही असतो."
चेन मध्येच अडकली. आंटीने ओढून पाहिली. वरही जाईना, खालीही येईना. शेवटी पैसे देऊन तसाच बाहेर पडलो.
हे फूडकोर्टात लिहितोय, जाकीट अंगावरच. समोरचं पोरगं टक लावून बघतंय. मुक्ता चहाच्या रांगेत आहे. मेल अजून गेलेला नाही. फोन माझ्यापुढे ठेवून गेलीय.