न मोडणारी ठेव

३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन करत नाही, कारण बाबा भिंतीपलीकडेच पडून असतात आणि आपली भिंत म्हणजे नुसता पडदा. त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, अठरा. आधी आगाऊ रक्कम भरायची आहे. शिलाईची मशिनं विकून आलेले पैसे बाबांनी त्यासाठीच माझ्या खात्यात ठेवले होते. ते आता खात्यात नाहीत.

चिडू नकोस, पुढे वाच. बँकेत कर वाचवायच्या योजनांच्या टेबलाशी एक मुलगी बसते. कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी इतकं शांतपणे कुणी बोललं नव्हतं. ती म्हणाली, वर्ष संपायच्या आत ठेव केली तर कर वाचेल. मी गेल्या महिन्यात केली. पाच वर्षं ती मोडताच येत नाही, हे कागदावर होतं; मी तिच्याकडे बघत सही केली. आज ठेव मोडून द्या म्हणून टेबलावर हात आपटून भांडलो, तर शिपायाने दंड धरून बाहेर काढलं. बाबांचा श्वास अडकला की माझाही अडकतो गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भडकू

७ मार्च

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. अरे, पाट्या रंगवून तुझी वर्षाची कमाई ती किती? तेवढ्यावर करच बसत नाही! जो भरायचाच नव्हता तो कर वाचवायला तू बाबांचे पैसे कुलपात घातलेस. आधी कमाई मांडायची, कर लागतो का ते बघायचं, अडीअडचणीचे पैसे बाजूला काढायचे. उरलं तरच अडकवायचं. त्या मुलीने एवढंही विचारलं नाही?

ऑफिसातून पगारावर उचल घेऊन पाठवते आहे. पण बाबांना तूच सांगायचंस. ते ऑपरेशनला आधीच कचरतायत. तुझ्या दाजींना म्हणाले, उसवलंय तेवढं उसवू दे. हे कळल्यावर ते ऑपरेशनच नको म्हणतील, याची मला धास्ती आहे. तरी लपवू नकोस.

जेवत जा.
तुझी ताई

१३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली उचल मिळाली, रक्कम भरली. त्या मुलीची माफी मागून आलो. तिने पहिल्याच दिवशी कमाई विचारली होती. मी चौपट सांगितली होती. आज खरी सांगितली, तर तिने मान हलवून पुढच्या माणसाला बोलावलं.

मग बाबांपाशी बसलो. सगळं सांगितलं. ते छताकडे बघू लागले. आता ऑपरेशन नकोच म्हणणार, असं वाटलं. त्यांनी विचारलं, ठेव सुटते कधी? मी म्हटलं, पाच वर्षांनी.

"मग तोवर जगायला हवं," ते म्हणाले. "ती रक्कम तुझ्या एकट्याच्या हाती पडू देणार नाही मी."

हसले. पण माझं मनगट धरलेला हात त्यांनी सोडला नाही. तू सतरालाच ये. मला फार भीती वाटते.

रागावलीस तरी आपलं म्हण.
तुझा भडकू