दोरीवरच्या पिशव्या

३ फेब्रुवारी १९८५

मशीन मिळालं! हेल्परकी संपली. महापेच्या कारखान्यात चार नंबरच्या मशीनवर आता मी — शिवराम. प्लास्टिकचा रोल आत जातो, गरम पट्टी तळाला जोड मारते, पातं कापतं, की पिशवी बाहेर! पहिली पिशवी शेठना विचारून घरी आणली. बायकोने, सगुणाने, उलटसुलट करून पाहिली, फुंकर मारून फुगवली. म्हणाली, "ही तुमी केली?"

मी केली!

५ मार्च

वाशीत आमच्या वाण्याकडे कागदाच्या पुड्या बंद. साखर, डाळ, तांदूळ — सगळं आमच्या कारखान्याच्या पिशवीत. बाजारातून चाललो की ज्याच्या त्याच्या हातात माझं काम! छाती अशी फुगते की शर्टाची बटणं तुटायची एखाद दिवशी.

एकच खोट. माझ्या मशीनचा जोड डावीकडे जरा वर चढतो. गळत नाही, पण दिसतो. फोरमन दिलीप म्हणाला, "शिवराम, लय मिरवू नको. आधी जोड सरळ कर." करीन की.

१८ मार्च

सगुणाचं काय चाललंय कळत नाही. डाळ डब्यात ओतली की पिशवी धुते आणि चिमटा लावून दोरीवर घालते. माझ्या बनियनशेजारी रांगच्या रांग! मग त्याच घेऊन दुकानात. वाणी नवी द्यायला गेला की म्हणते, "हाय माझ्याकडं." शेजारच्या अख्तरुन्निसा भाभी हसून म्हणाल्या, "शिवरामभाऊ, घरीच कारखाना काढलात काय?" पिशव्या करणाऱ्याच्या घरी पिशव्यांची टंचाई! लाजच वाटली. म्हटलं, टाकून दे, ढिगाने करतो मी. "बघू" म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे 'नाही'.

२ एप्रिल

जयंतीला बुंदी वाटायला पिशव्या कोण देणार? मी! शेठकडून मागून आणतो म्हणालो. मंडळाच्या सभेत टाळ्या.

१४ एप्रिल

जयंती झोकात झाली. निळे झेंडे, ढोल-ताशे, बुंदी हातोहात गेली. माईकवरून माझं नाव घेतलं — दोनदा!

आणि मग बघतो तर काय — मैदानभर रिकाम्या पिशव्या, आणि सगुणा नव्या पांढऱ्या साडीचा पदर खोचून एकेक वेचतेय! सगळ्या लोकांसमोर. डोकंच फिरलं. बाजूला बोलावलं. म्हटलं, "आपल्या आयांनी गावाचा कचरा उचलला तेवढा पुरे झाला. आज जयंतीला तू कशाला वाकतेस?"

ती जरासुद्धा बिचकली नाही. "लोकांचा कचरा कुटं उचलते? तुमच्या हातच्या हायत." पिशवीच्या तळावर बोट ठेवून म्हणाली, "हा बगा जोड, डावीकडं चढलेला. दुसऱ्या मशीनच्या मी तितंच सोडल्या. तुमचं काम कुनी पायाखाली तुडवायचं काय?"

मी पिशव्या धरायला हात पुढे केला.

१५ एप्रिल

माईकवर नाव घेतल्याचा आनंद रात्रीच ओसरला. हा ओसरत नाही. सारखी तीच आठवते — साडी खोचलेली, बोट जोडावर. माझ्या कामातली खोट आजवर सगळ्यांनी दाखवली. खोटेवरून मला ओळखलं ते हिने एकटीने. कारखान्यात कुणाच्या बायकोने नवऱ्याची पिशवी अशी ओळखली असती? कुणाच्याच नाही!

२ मे

दिलीपने गरम पट्टी बदलली. जोड आता रेघ मारल्यासारखा सरळ! शेठने पाठ थोपटली. चारही मशीनच्या पिशव्या शेजारी ठेवल्या तर माझ्या मलाच सांगता येईनात. खूश व्हायला हवं होतं. झालोही. पण घरी सांगितलं नाही.

१९ मे

कामावरून आलो तर मोरीत पिशव्यांचा हा ढीग! भाभींच्या, वरच्या मजल्याच्या, जिन्यात पडलेल्या. म्हटलं, "हे काय गं?"

सगुणा म्हणाली, "आता सगळ्यांचे जोड सारकेच. तुमची कुटली ते कळत नाय. मग सगळ्याच उचलल्या."

मी दुसरी दोरी बांधली.