अल वक्रातले लिऊ टेलर्स

प्रिय सिमोनाताई,

परवा फोनवर मी लिऊ टेलर्सचा विषय टाळला, हे तुझ्या लक्षात आलं असेल. फोनवर ते मला सांगता आलं नसतं.

दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. तू होतीस तेव्हा अख्ख्या अल वक्रात त्या चिनी कुटुंबासारखा सूट कोणी शिवत नसे. म्हातारे लिऊ कापड बेतायचे, मॅडम मापं घ्यायच्या, तू काजं करायचीस. पार कतारच्या उत्तर टोकाहून, अल रुवैसहून लोक ट्रायलला यायचे. तुला घालवल्यावर ते हातकाम पुन्हा जमलं नाही, असं त्यांचा मुलगा वेन स्वतः मला म्हणाला होता. मग जिकडेतिकडे मॉल झाले, लोक तयार सूट घेऊ लागले. कोविडात म्हातारे गेले, वेन कॅनडाला निघून गेला. मॅडम एकट्याच पँटी आखूड करत बसायच्या. मी गेले की माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायच्या. मीही वळून बघायचे. मागे कुणी नसायचं.

पंधरा दिवसांपूर्वी त्या आमच्याच वॉर्डात आल्या. हृदय थकलेलं. सकाळी बीपी घ्यायला गेले तर माझा हात धरून ‘सिमोना’ म्हणाल्या. मी रोझमेरी, तिची बहीण, असं दोनदा सांगितलं. उपयोग झाला नाही. रोज तेच. मोडक्या हिंदीत सांगायच्या, “वो शादी का सूट वेन ने इस्त्री से जलाया. मेरे को मालूम था.” म्हणजे तो सूट जळल्याचं तुझ्यावर ढकलून तुझा व्हिसा कॅन्सल केला, तुला घरी पाठवलं, तेव्हाच त्यांना सगळं ठाऊक होतं. चौदा वर्षं आपल्या घरात तू निष्काळजी ठरलीस. पप्पा तर तेच मनात ठेवून गेले.

मंगळवारी दुपारी त्यांना श्वास पुरेना. वेनचा फोन लागत नव्हता. “माफ किया?” एवढंच विचारत राहिल्या. शेवटी मी सिमोना झाले आणि म्हटलं, “हां मॅडम, कब का माफ किया.” त्यांनी हात सोडला. तासाभरात गेल्या.

तेव्हापासून पेशंटने ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली तरी मला तुझं नाव ऐकू येतं. ती माफी तुझी होती, ताई. न विचारता मी देऊन टाकली. तुला ती द्यायची नसेल तर तसं लिही, मी ऐकून घेईन. आणि पप्पांबरोबर मीही तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्याची माफी मी माझ्याच नावाने मागते आहे.

तुझीच,
रोझी