दर चौरस इंचाला

तीर्थरूप मामा,

तुम्हाला साष्टांग नमस्कार. (खरोखर आठही अंगं टेकवून घातला आहे. त्याने वजन वाटलं जातं आणि जमिनीला इजा होत नाही. असं का म्हणतो ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा आवाज कसा आहे? दोन्ही ठणठणीत असावेत. एकाची मला काळजी वाटते, दुसऱ्याची भीती.

तुम्ही तुमच्या वर्गमित्रापाशी वजन खर्ची घालून मला या नाचाच्या हॉलवर चिकटवलंत आणि काय सांगू, मी चिकटलो की! मालकांनी वरची खोली दिली आहे, खिडकीतून मांजर येतं (ती मांजरी आहे की बोका, यावरून माझं आणि दूधवाल्याचं वाजलं आहे, पण ते असो). आजवर जिथे गेलो तिथून पळालो. इथून पळावंसं वाटत नाही, तर नेमके मालकच मला हाकलायला निघाले आहेत.

झालं असं, की हॉलला नवी लाकडी जमीन घातली. लाकूड मऊ, म्हणून सुतार दारावर पाटी ठोकून गेला: 'दर चौरस इंचाला दोनशे पौंडांपेक्षा जास्त भार नको.' मालक म्हणाले, "तू दारात बस आणि यावर लक्ष ठेव." माझं वाचन तुम्हाला माहीतच आहे. 'दर चौरस इंचाला' हे मला नुसतं शोभेचं वाटलं, पत्रात आपण 'विनंती विशेष' लिहितो तसं. मी दोनशे पौंड तेवढे उचलले, गोदामातला जुना पौंडांचा काटा दारात मांडला आणि येईल त्याला त्यावर चढवू लागलो.

पहिलेच आले मालकांचे मेहुणे. काटा कण्हला. दोनशे साठ! मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बाहेर."

"अरे, मी मालकांचा मेहुणा आहे!"

"असाल. पण नातं वजनातून वजा होत नाही."

बिचारे सपाट चपला घालून बाहेरच्या बाकावर बसले (बाकही कण्हला). मग नाचाच्या बाई आल्या. त्या इतक्या बारीक, की त्या चढल्याचं काट्याच्या लक्षातच येईना. त्यांना मी लवून आत सोडलं. त्यांच्या बुटांच्या टाचा पेन्सिलीएवढ्या होत्या, पण टाचांकडे बघायला मला कुणी सांगितलं होतं? दुपारपर्यंत जमिनीला देवी येऊन गेल्यासारखे वण पडले.

मालक यायच्या आत खड्ड्यांत पुट्टी भरली. ती वाळेना. वर छताला हॅलोजनचा दिवा असतो, रोज जळतो, कुणाला चटका बसत नाही. म्हटलं, हाच खाली आणू. दिवा तोच, वॅट तेवढेच, काय बिघडतंय? तो खड्ड्यापासून वीतभर उंचीवर टांगला आणि जरा मांजराला बघायला गेलो (बोकाच आहे, दूधवाला हरला). परत येतो तो ताटलीएवढा काळा डाग आणि धूर!

धूर बघून मेहुणे तरातरा हॉलभर चालत आले. मामा, एक वण नाही पडला! त्यांनी आधी सबंध तळहाताने माझी पाठ दाबली. मग खिशातून किल्ली काढून तेवढ्याच जोराने तिचं टोक टेकवलं. मी किंचाळलो.

"कळलं?"

"कळलं, कळलं!"

जोर किती, एवढंच विचारून भागत नाही. तो केवढ्या जागेवर पडतो, तेही विचारावं लागतं. दिव्याचंही तेच. वर असताना तो आपली धग सगळ्या हॉलला वाटतो, खाली आणला की ताटलीएवढ्या जागेत ओततो. वॅट असोत की पौंड, खरी गोम त्या खालच्या चौरसात असते.

हे ज्ञान मी मालकांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "सामान बांधून ठेव, उद्या बघू." मेहुणे माझ्या बाजूने बोलले, पण दोनशे साठ पौंडांच्या माणसाचं मालकांपाशी काडीचं वजन नाही.

घरात सगळ्यांना ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे नमस्कार आणि पापे.

तुमचा, जमिनीवर पसरलेला,
भाचा

ता. क. मालकांपाशी पुन्हा तुमचं वजन टाका. पण गेल्या वेळी तुम्ही तासभर त्यांच्या दाढेवर, सिमेंटवर, शाळेतल्या मास्तरांवर बोललात आणि शेवटी माझ्यावर. तसं पसरू नका. एकच वाक्य बोला: 'भाच्याला ठेव.'

पुन्हा ता. क. विचार केला. तुमचं वजन दांडगं, पण तुम्ही पडलात सपाट चपलांतले. मामीलाच बोलू द्या. तिचा एकच शब्द असतो आणि तो बरोबर एका चौरस इंचावर पडतो. (हे मी म्हणालो, असं तिला सांगू नका.)

आणखी एक ता. क. पण फोनवरच हं! ती स्वतः टाचांच्या चपला घालून आली, तर दारात मीच असणार, आणि तिला काट्यावर चढवायची माझी छाती नाही.