हळदीच्या बोटावर लावलेलं टायमिंग

अण्णा,

काल ट्रक गेला. तोच हिरवा, गोल बॉनेटचा, जो पहिल्या दिवशी बघून तुम्ही म्हणाला होतात, "अरे, अमेरिकेत येऊन भंगार घेतलंस होय रे?" आणि मग अर्धा तास त्याच्याभोवती फिरत राहिलात. घेऊन गेली एक पंचविशीतली मुलगी, नखांत ग्रीस असलेली. तिनं इंजिन चालू करायला लावलं, मान तिरकी करून ऐकलं आणि मला एक प्रश्न विचारला. मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो. त्याआधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय, आणि ते विचारायला मी फार म्हणजे फारच उशीर केलाय.

तुम्ही आणि आई इथे आमच्याकडे, बॉथेलला, सहा महिन्यांसाठी आलात तेव्हा तुम्ही साखर कारखान्याच्या गॅरेजमधून नुकतेच रिटायर झाला होतात. जन्मभर पेट्रोलचे जुने ट्रक आणि जिपा तुम्ही कानानं दुरुस्त केल्यात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि डोळे मिटलेले. लहानपणी मला वाटायचं इंजिन तुम्हाला काहीतरी चहाड्या सांगतंय. पण आमच्या घरी तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होतात, हिनं चहा विचारला की दोनदा "काय?" म्हणत होतात. एका सकाळी किचनमध्ये पोहे खाताखाता तुम्ही म्हणालात, "कान गेला की मिस्त्री गेला. तुझी ती गाडी चालू कर बरं. बघू तरी, ऐकू येतंय का." मी हसलो. मला तो विनोद वाटला. तुम्ही परीक्षेला बसत होतात, अण्णा, आणि मला पत्ताच नव्हता.

गॅरेजमध्ये तुम्ही डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केलात. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी नेमकी कुठल्या क्षणी पडायची ते त्या डब्यावर ठरतं. तो केसभर फिरवला तरी गाडीची चाल बदलते. तुम्ही तो दोन्ही तळव्यांत धरून इकडे थोडा, तिकडे थोडा करत राहिलात, माठ घेताना आई वाजवून बघायची तसं. मग थांबलात. "हां. आता बोलायला लागली. ऐकलंस?" मला काही म्हणजे काही फरक ऐकू आला नाही. दोन-चार अंशांचा फरक माणसाला ऐकू येतो, हे माझ्या इंजिनिअर डोक्याला पटेचना. खरं सांगतो, ते मला अजूनही कोडंच आहे.

म्हणून मी टायमिंग लाइट आणायला गेलो. प्रत्येक ठिणगीबरोबर तो लखलखतो, आणि त्या उजेडात इंजिनाच्या फिरत्या पुलीवरची खूण शेजारच्या स्थिर काट्याखाली दिसली, की टायमिंग बरोबर. दुकानात तीन प्रकार होते. एक अगदी स्वस्त, पण त्याचा उजेड इतका मरतुकडा की अंधार केल्याशिवाय खूण दिसणार नाही. एक महागडा, मागे अंश मोजायची चकती असलेला. आणि मधला, पिस्तुलासारखा, पहिल्या प्लगच्या वायरला नुसता चिमटा लावायचा. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या ट्रकची बॅटरी सहा व्होल्टची की बारा?" सहा, म्हटलं. "मग दिव्याला करंट तुझ्या कारमधून घे. ट्रकवर जोडलास तर हा नीट पेटणार नाही, आणि तू माझ्याकडे परत येशील." मला तो फार आवडला. तुमच्यासारखाच, शंभर माणसांच्या शंभर चुका पाहिलेला. मी मधला घेतला.

दिवा आणला त्याच आठवड्यातल्या शनिवारी आपण दसरा केला. दसरा खरा होऊन गेला होता, पण इथे सण वीकेंडला यायची वाट बघतात. आईनं तुमच्या पान्यांची पूजा केली, नर्सरीतून आणलेल्या झेंडूची माळ ट्रकला घातली आणि हळदीकुंकवाची वाटी घेऊन निघाली. टायरला बोटं लावली, स्टिअरिंगला लावली, बॉनेट उघडायला लावून आतही हात घातला. मी ओरडलो, "आई, तिथे ग्रीस आहे!" ती म्हणाली, "असू दे. जे जे फिरतं त्याला बोट लागलं पाहिजे."

पुढच्या शनिवारी ऑफिसातले दोघे मित्र आले होते, एक पुण्याचा, एक नागपूरचा. कार ट्रकच्या शेजारी लावली, चिमटा अडकवला, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं, अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. घोडा दाबला आणि अहाहा! फिरती पुली जागच्या जागी उभी राहिली. पंखासुद्धा थांबला. नागपूरकर वाकून बोट दाखवायला गेला आणि तुम्ही त्याचा दंड खसकन मागे ओढलात. "हात लांब! पंखा थांबलेला नाही, तुझे डोळे फसलेत." मग तुम्ही दिवा माझ्याकडून घेतलात आणि लहान पोरासारखे पट्ट्यावर, पंख्यावर, गॅरेजच्या दारातल्या भुरभुर पावसावर मारून बघितलात. थेंब हवेत लटकलेले दिसले. "काय डोकं लढवलंय लेकाच्यांनी," असं तीनदा तरी म्हणालात. तुमचा चेहरा इतका खूश मी क्वचित पाहिलाय.

आणि मग मला खूण दिसली. पांढुरकी, ठसठशीत, काट्यापासून बोटभर लांब. पुणेकर म्हणाला, "यार, हे तर टोटली ऑफ आहे." मी डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण काट्याखाली आणली. तुम्ही म्हणालात, "आता मरगळली रे ती. मागे घे." आणि मी, त्या दोघांच्या देखत, मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, दिवा खोटं बोलत नाही. तुमचे कान गेलेत, हे मान्य करा आता." तुम्ही फडक्याला हात पुसलेत. "असेल बाबा," एवढंच म्हणालात आणि आत गेलात.

रविवारी सकाळी मी अंथरुणातच होतो तेव्हा ट्रक चालू झाल्याचा आवाज आला. चहाच्या वेळी तुम्ही म्हणालात, "जरा गरम केली गाडी. थंडी किती आहे." दुपारी लाकडं आणायला निघालो. तो मोठा चढ ट्रक असा चढला की मी स्टिअरिंगवर थाप मारली. "बघितलंत? दिव्याचा करिश्मा!" तुम्ही डॅशबोर्डवर पंजा ठेवून बसला होतात, तोंड खिडकीकडे. हसत होतात असं मला वाटलं होतं. मी ते माझ्या खात्यावर जमा केलं.

तुम्ही दोघं परत गेलात. वसंतात पट्टा बदलायला म्हणून मी पुली रॉकेलनं घासली, तर ग्रीसच्या थराखालून कोरलेली एक बारीक रेघ निघाली. खरी खूण. आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर ग्रीसमध्ये रुतलेला पिवळा फराटा, दिव्याच्या लखलखाटात पांढुरका दिसलेला. मी तो खरवडून नाकाशी नेला. हळद! मी आईच्या बोटावर टायमिंग लावलं होतं, अण्णा. दोन पदव्या आणि तो ऐटबाज दिवा घेऊन. मी कपाळावर हात मारून एकटाच हसत सुटलो.

हसू लगेच विरलं. टायमिंग जर हळदीवर लावलेलं, तर हिवाळाभर ट्रक इतका झकास कसा चालला? खऱ्या रेघेवर खडू फिरवला, दिवा लावला. रेघ बरोब्बर काट्याखाली. केसभरही इकडेतिकडे नाही. मी तर ती तिथे आणली नव्हती. आपल्या घरात तो बोल्ट सैल करून घट्ट करू शकणारा दुसरा माणूस एकच होता, आणि तो रविवारी सकाळी गाडी गरम करत होता.

तर माझा प्रश्न हा. तुम्ही सांगितलं का नाहीत? हळद तुम्हाला दिसली होती का, आणि आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलात? की मित्रांपुढे माझी शोभा झाली असती, म्हणून? की तुम्हाला फक्त स्वतःच्या कानांचा निकाल हवा होता, आणि तो त्या चढावर मिळाला, तेवढंच पुरलं? तीस वर्षं मी यावर विचार करतोय. दर वर्षी आधी कानानं टायमिंग लावतो, मग दिव्यानं तपासतो. दर वर्षी चुकतो. एकदा सहा अंशांनी, एकदा नऊ. डोळे मिटून पाहिलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून पाहिला. माझे कान धडधाकट आहेत, डॉक्टरनं तपासलेत. तरी इंजिन माझ्याशी बोलत नाही.

विचारायची संधी नव्हती असं नाही. त्यानंतर तुम्ही अडीच वर्षं होतात. एकदा शेजारच्यांच्या फोनवर तुम्ही आलात आणि पहिलंच विचारलंत, "गाडी कशी आहे रे?" हळद मला सापडून तेव्हा महिना झाला होता. तोंडाशी आलं होतं सगळं. आणि मी म्हणालो, "फर्स्ट क्लास. दिव्याचं टायमिंग आहे, अण्णा." तुम्ही म्हणालात, "असू दे. चालतीय ना?" मला फार लाज वाटली, आणि मी पावसापाण्याचं विचारलं. पुढे तुम्ही कधी गॅरेजला गेलात की नाही, कोणाचं इंजिन ऐकलंत की नाही, हेही विचारलं नाही. उत्तर ऐकायला घाबरत होतो.

काल त्या मुलीनं विचारलं, "हे टायमिंग कोणी लावलंय? सुरेख लागलंय." खरं उत्तर सोपं होतं: मी, गेल्याच आठवड्यात, दिव्यानं. पण मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी. कानानं." ती म्हणाली, "वॉव, ते अजून करतात?" आणि मी सरळ हो म्हणालो.