निळ्या रंगाखाली

४ मे
आलो एकदाच्या वालपाराइसोत! तारेने ओढून टेकडी चढवणाऱ्या डब्यात माझी लेक कोलोंबा काचेला नाक लावून उभी होती. खालची जहाजं लहान होत गेली तशी ती खिदळत राहिली. घर सुरेख आहे. लाकडी सांगाडा, त्यात कच्च्या विटा, वरून पन्हाळी पत्रा. निळ्या रंगाचे पोपडे निघालेत. जुन्या घरांची डागडुजी हेच माझं काम, त्यामुळे हात शिवशिवतायत. शेजारच्या एदुविनाबाई गरम पाव घेऊन आल्या. माझ्या मागे लपलेल्या लेकीला म्हणाल्या, काय गं, आईला चिकटूनच जन्मलीस का?

६ मे
पत्रा खरवडायला घेतला. निळ्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा. जहाजांवरचा उरलासुरला रंग, थरावर थर. सगळ्यात खालचा शोधून तोच द्यायचा, ही आमची पद्धत. एदुविनाबाई कुंपणापाशी येऊन ओरडल्या, अगं शहाणे, इथे जुन्यावर नवा चढवतात, खरवडत नाही कुणी! मी म्हटलं, म्हणूनच तुमचे पत्रे गंजतात. त्या हसल्या नाहीत.

७ मे
लोखंड उघडं पडलं. त्यावर आतून आलेला फुगवटा, लहान मुलाच्या पंजाचा. कोलोंबाने त्यावर हात ठेवला. बरोब्बर बसला. तिथून हलेचना, ओढून आणावी लागली.

८ मे
धुकं. एदुविनाबाईंनी आवाज खाली आणून सांगितलं. हे पत्रे उपसागरात बुडालेल्या जहाजाचे. बुडताना त्याच्या तळाशी मुलं कोंडलेली होती. रंग आहे तोवर ती आत. उघडं राहिलं की एक बाहेर येतं आणि बदल्यात एक आत घेतं. रंगव बाई, आजच रंगव, म्हणाल्या. मी हसून टाळलं. उद्या बघू.

९ मे
कोलोंबा आता माझ्या मागे लपत नाही. अंगाला खारा वास. न्हाऊ घातलं, तरीही. मला ‘आई’ म्हणते, पण आधी जरा थांबून. शब्द आठवावा लागल्यासारखी.

१० मे, सकाळ
भिंतीतून टकटक. मग हाक. कोलोंबाची. आणि कोलोंबा माझ्यासमोर बसलेली, तोंड मिटून —
एदुविनाबाई रंगाचा डबा घेऊन आल्या. तिला पाहताच छातीवर क्रूस काढला. म्हणाल्या, पोरी, रंगवलंस तर तुझी कायमची आत. नाही रंगवलंस तर बाकीची बाहेर. काय सांगू गं मी तुला? डबा ठेवून गेल्या. रडत होत्या.

दुपार
ती ब्रश माझ्या हातात कोंबतेय. रंगव ना, आई. किती गोड आवाज. आणि आतून रडणं —
हे रडणं मी ओळखते. जन्मल्या क्षणापासून.
ब्रश फेकला. खिळे उपटतेय.

पत्रा उचकटला. उजवा हात आत, खांद्यापर्यंत. डाव्याने लिहितेय. विटांच्या जागी बर्फासारखं पाणी. एक हात सापडला. इवलासा, उबदार. माझीच आहे. ओढतेय —
मनगटावर दुसरा हात. गार. कोपरावर आणखी —
मागून ती मला ढकलतेय. सोडणार नाही. कोलोंबा, घट्ट धर, आई आहे, आई इथेच —